पश्चिमेची भिंत

आमच्या घरात शनिवार हा देवळाचा वार होता. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ. चर्च हा शब्द बाबा फक्त बिशपसाहेबांच्या कार्यालयाला पत्र लिहिताना वापरत, एरवी मंडळीत लहानथोर सगळे देऊळच म्हणत, आणि बाहेरचा कुणी त्यावर हसला की आई म्हणे, "देव राहतो ते देऊळ. यात हसण्यासारखं काय आहे?" बाबा डहाणू रोड स्टेशनात मालबाबू होते आणि मंडळीचे सचिवही. त्यांची पाळी संपली की आम्ही तिघं एसटीने तलासरीच्या रस्त्याला लागायचो. पिशवीत पितळ घासायला लिंबं, बाकांना चोपडायला खोबरेल, जुन्या चादरीच्या चिंध्या, आणि डब्यात तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाबू, डबा उघडू नका हां, अख्खी गाडी तुमच्याबरोबर खाली उतरेल." आईने त्याला उतरताना अर्धी भाकरी दिली, आणि पुढे वर्षभर तो आमच्यासाठी गाडी दोन मिनिटं थांबवून ठेवी. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये रात्रंदिवस डबे जोडल्या-तोडल्याचा खडखडाट चाले, बाबा पेटीवर उद्याची गीतं बसवत असले की मधेच मालगाडीच्या एखाद्या वाघिणीचा दणका बसे आणि ते सूर न सोडता म्हणत, "चला, ताल मिळाला." असा माणूस. पुढे जे मी सांगणार आहे ते वाचून कुणी त्यांना दुष्ट समजू नये, म्हणून आधीच सांगून ठेवते.

चिकूच्या वाड्या मागे पडून साग सुरू होतो तिथल्या उंचवट्यावर ते देऊळ. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, वर विटांची चुन्यात बांधलेली अडीच फुटी भिंत, तिला बाहेरून ठरावीक अंतरावर दगडी टेकू, टोकदार कमानींच्या उंच खिडक्या, आणि वर मंगलोरी कौलांचं इतकं उभं छप्पर की पाऊस त्यावर क्षणभर टिकत नसे. चुना धाकट्या डहाणूच्या खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला. गिलावा निरखून पाहिला तर त्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे कण दिसत. छप्पर पेलणाऱ्या सागाच्या त्रिकोणी चौकटींना सुतार कैची म्हणतात. त्या कैच्या गुजराती सुतारांनी उभारल्या होत्या, आणि खालून मान वर करून पाहिलं की उलट्या टांगलेल्या होडीत बसल्यासारखं वाटे. आत शिरल्यावर उन्हाळ्यातसुद्धा अंगावर गारवा येई. बाबांचा त्या इमारतीवर जीव होता. दरवर्षी वर्धापनदिनी ते निळ्या वहीतून देवळाचा इतिहास वाचून दाखवत, आणि त्यातलं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं: "या छपराखाली पहिल्या दिवसापासून थोर-धाकटा, घाटावरचा-जंगलातला असा भेद झाला नाही."

या देवळाची एक गंमत होती. वेदी पूर्वेला, तेव्हा रीतीप्रमाणे मोठं दार तिच्यासमोर पश्चिमेला हवं. आमच्याकडे पश्चिमेची भिंत सलग होती आणि दार दक्षिणेच्या कुशीला. असं का, तर पावसाळी वारा समुद्राकडून येतो, म्हणून बांधणाऱ्या मिशनरी साहेबाने दार बाजूला घेतलं. केवढा दूरदृष्टीचा साहेब! हे मी स्वतः पाहुण्यांना मोठ्या ऐटीत ऐकवलं आहे. त्या सलग भिंतीवर मधोमध एक संगमरवरी पाटी होती. माझे पणजोबा नगरकडून इथे उपदेशक म्हणून आले, त्यांनी ही मंडळी जोपासली, असं तिच्यावर कोरलं होतं. बाकी सगळं देऊळ पुसायला मंडळी हात लावी, पण ती पाटी बाबा दुसऱ्या कुणाला पुसू देत नसत.

आणि जानीबाई. ती कैनाडच्या बाजूच्या एका पाड्यावरून चालत येई, देऊळ आणि अंगण झाडी, आणि रविवारी उपासना चालू असताना दाराबाहेरच्या पायरीवर बसून राही. सत्तरीची असेल. पाळकसाहेब प्रवचनात तिचा दाखला देत: "जानीबाईंकडे पाहा. एक रविवार चुकत नाही, आणि नम्रता एवढी की उंबऱ्याच्या आत बसत नाहीत." मंडळीच्या नोंदवहीत सर्वांत जुन्या सभासद म्हणून तिचं नाव पहिलं होतं. आम्ही मुली तिच्याकडे जरा धाकानेच पाहायचो.

छप्पर गळू लागलं तेव्हा दुरुस्तीसाठी बिशपसाहेबांच्या कार्यालयाने इमारतीचा मोजून काढलेला नकाशा मागितला. मी तेव्हा आयटीआयमध्ये नकाशाकामाचा कोर्स करत होते, वर्गात एकटी मुलगी. मला तिथे घालायला काकांचा विरोध होता. बाबा त्यांच्याशी भांडले होते, "माझी विमल रेघ मारते ती तुझ्या पोरांच्या वागण्यापेक्षा सरळ असते" असं म्हणाले होते. तेव्हा नकाशा मीच काढणार हे ठरलेलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं काम. आईने पट्टीचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दोन शनिवार आम्ही मायलेकींनी देऊळ आतून-बाहेरून मोजलं. बाहेरून लांबी सत्तर फूट भरली. आतून सत्तावन्न. दोन टोकांच्या दोन भिंती अडीच-अडीच फुटांच्या धरल्या तरी बासष्ट. आठ फूट गायब.

बाबा म्हणाले, "पट्टी सैल धरली असशील." पुन्हा मोजलं, तेच. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा आई म्हणाली, "आता मला माझ्या हातांवरच संशय यायला लागलाय." पाळकसाहेबांचं म्हणणं, पश्चिमेची भिंत वाऱ्यासाठी जाड बांधली असेल. मी हे आयटीआयच्या सरांना सांगितलं तर ते हसले, "आठ फुटांवर आणखी अडीच फूट जाड? देऊळ आहे की वसईचा किल्ला?" मला रडूच आलं. इतकी साधी गोष्ट मला मोजता येत नाही म्हणजे काकांचंच खरं. शेवटी छपराची तपासणी करायला आलेले रमणभाई गवंडी शिडी लावून वर चढत होते, त्यांच्यामागून मीही चढले. आई खाली डोळे मिटून उभी. वर कैच्यांच्या सांध्यांवर सुतारांनी पटाशीने गुजराती आकडे कोरले होते, जुळणी करताना घोळ होऊ नये म्हणून. वेदीकडच्या कैचीवर सात. मग सहा, पाच, चार, तीन. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या कैचीवर दोन. एक कुठेच नव्हता. मी शिडी घट्ट धरून उभी राहिले. माझी पट्टी चुकली नव्हती. भिंतीच्या पलीकडे देऊळ आणखी होतं.

रमणभाईंनी खाली उतरून थापीच्या मुठीने त्या भिंतीवर इथे-तिथे ठोकलं, पाटीच्या आजूबाजूला ठोकलं, आणि म्हणाले, "बेन, आ तो पोलुं छे." मागे पोकळ. ही बातमी मंडळीत वाऱ्यासारखी पसरली. कुणी म्हणे साहेबाची कबर असेल, कुणी म्हणे चांदीची भांडी पुरून ठेवली असतील. पुढच्या शनिवारी पंचवीस-तीस माणसं जमली, कुणी तर कंद-पापडी घालून भाजलेलं उंबाडियोचं मडकं बरोबर घेऊन आलं, जत्रेला आल्यासारखं. बाबाही खुशीत होते. निळ्या वहीत एक नवं पान लिहायला मिळणार म्हणून. पाटी उतरवल्याशिवाय भिंत फोडता येईना, तर त्यांनी स्वतःच्या हातांनी ती उतरवून घेतली आणि बाकाला टेकवून ठेवली.

पाटीच्या मागे गिलावा वेगळ्या रंगाचा होता. तो सुटला तशी आत लाकडी जाळी दिसली, विटांनी बुजवलेली. जाळीच्या खालच्या बाजूला हात जाईल एवढं चौकोनी भोक, आणि त्या भोकाची कड झिजून गुळगुळीत झालेली. विटा काढून रमणभाईंनी माणूस शिरेल एवढी वाट केली. आत एक अरुंद खोली. तीच काळी फरशी, तोच चुना, वर पहिली कैची, आणि समोर, देवळाच्या ठीक मधोमध, वेदीच्या बरोबर रेषेत, विटांनी चिणलेलं मोठं कमानदार दार. म्हणजे खरं महाद्वार. बाक नाही, खिडक्या बुजवलेल्या. भिंतीत एक कोनाडा आणि कोनाड्यात एक नारळाची करवंटी, घासून तुकतुकीत केलेली. बस्स.

अडगळीची खोली असेल, कुणी म्हणालं. बाप्तिस्म्याआधी कपडे बदलायची असेल, दुसरं कुणी. मग मागून जानीबाईचा आवाज आला. ती पहिल्यांदाच झाडू हातात न घेता उंबरा ओलांडून आत आली होती.

"अठं आमी बसू," ती म्हणाली. "माजी आय, मी, पाड्यातलीं सगळीं. त्या दारातून यायचा, त्याच दारातून जायचा."

पाळकसाहेबांनी विचारलं, "आणि ही करवंटी?"

"प्रभुभोजनाच्या रसाची. पेला आमाला नाय देत. त्या भोकातून करवंटीत वतत. लय थोडा वतत."

मी बाबांकडे पाहिलं, तर ते पाटीवरची चुन्याची धूळ रुमालाने पुसत होते.

"साहेबांनी असं केलं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

जानीबाईने हनुवटीनेच बाकाला टेकवलेल्या पाटीकडे दाखवलं. "साहेब तं बोले, सगळीं संगात बसा. मंग घाटावरचीं आलीं, तीं बोललीं, यांचेसंगात आमी नाय बसणार, नायतर निघून जाऊ. त्यांचा मोठा तो. साहेब रडला, असा माजी आय सांगं. मंग भित घातली, आन् त्यांचेसाठी त्या बाजूला नवा दार काढला."

घाटावरची म्हणजे आम्ही. वारा नाही, पाऊस नाही. दक्षिणेचं ते दार, ज्यातून मी जन्मापासून आत येत होते, ते माझ्या पणजोबांनी हट्टाने पाडून घेतलेलं दार होतं.

"मग ही खोली बुजवली कधी?" मीच विचारलं.

"आमी गेलों तवा. माजी आय एक दीस बोलली, आपला देव डोंगरावर हाय, तथं भित नाय. सगळीं परत गेलीं. मंग तुमी बंद केला, जागा रिकामी दिसं म्हणून."

"पण जानीबाई, तुम्ही तर दर रविवारी उपासनेला…" पाळकसाहेब म्हणाले.

"मी कठं तुमच्यातली?" ती खरोखरच नवलाने म्हणाली. "मी झाडाया येतें. गाणीं बरीं लागतात, म्हणून बसतें."

"मग आत का नाही बसलात कधी?"

"कोणी बोलवलाच नाय."

दिव्याखाली अंधार म्हणतात. आमच्या दिव्याखाली तर अख्खी खोली होती. ज्या बाईला आम्ही मंडळीतली सर्वांत जुनी विश्वासू म्हणून मिरवलं, जिच्या नम्रतेवर प्रवचनं झाली, ती आमच्यातली नव्हतीच, आणि हे एवढ्या वर्षांत एकालाही कळलं नव्हतं, कारण एकानेही तिला विचारलं नव्हतं. आज मी सत्तरी ओलांडली आहे, आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढले, किती पडक्या इमारती पाहिल्या, पण त्या दुपारी बसला तसा हादरा मला पुन्हा बसला नाही.

लोक हळूहळू पांगले. उंबाडियोचं मडकं कुणी उघडलं नाही. मी मात्र आत राहिले, कारण खोली मोजायची होती. धक्का बसला तरी काम काम असतं, एवढं आयटीआयने शिकवलं होतं. आई बाहेर पायरीवर डोक्याला हात लावून बसली होती. तेव्हा जानीबाईने माझ्या हातातून पट्टीचं टोक घेतलं आणि बुजवलेल्या महाद्वाराला पाठ लावून ते धरून उभी राहिली. मी फोडलेल्या वाटेतून जाळीच्या भिंतीच्या देवळाकडच्या कडेपर्यंत गेले. बरोबर आठ फूट. "भरला?" तिने विचारलं. "भरला," मी म्हटलं.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पंच मंडळींची बैठक बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सर्वांत वयस्कर पंच म्हणाले, आणि कुणी त्याला नाही म्हणालं नाही. पाळकसाहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "जे सर्वांना वाटतं ते." दोन दिवसांत रमणभाईंनी भिंत पुन्हा घातली. करवंटीचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. बाबांनी पाटी परत लावली, पण स्क्रू आवळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी पाहिलं. मग ते माझ्या टेबलाशी आले. मी खोलीसकट कच्चा नकाशा काढून ठेवला होता, पहिल्या कैचीसकट, चिणलेल्या दारासकट.

"विमल, हे असं पाठवता येणार नाही."

"बाबा, मोजलंय ते."

"दुरुस्तीचा नकाशा आहे हा, इतिहासाचा नाही. छपराला पैसे मंजूर व्हायचेत. बिशपसाहेब विचारतील, ही खोली कसली, काय सांगू? माझ्या आजोबांचं नाव सांगू?" आणि मग एकदम हळू आवाजात, "मी रेल्वेत तळापासून वर आलो तो त्यांच्या आशीर्वादावर, असं मानत आलोय. एवढं माझ्यासाठी कर."

बाबांनी माझ्यासाठी काकांशी भांडण केलं होतं. माझ्या तोंडून नाही निघालं नाही. मी नवा कागद घेतला आणि पश्चिमेची भिंत साडेदहा फुटांची भरीव दाखवली, काळ्या शाईच्या तिरक्या रेघांनी अगदी गच्च भरून. त्या रेघा मी मारल्या, बाबांनी नाही. एकही वाकडी आली नाही. दुरुस्ती मंजूर झाली, बिशपसाहेबांनी नकाशाचं कौतुक केलं, आयटीआयच्या सरांनी तर वर्गात दाखवला, आणि साडेदहा फुटांच्या भिंतीबद्दल या खेपेला त्यांनीही विचारलं नाही, कारण कागदावर इतकी सुबक दिसत होती. त्या वर्षीच्या वर्धापनदिनी बाबांनी निळी वही वाचली तेव्हा ते एक वाक्य गाळलं. फक्त मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी उरलेल्या आयुष्यात ते पुन्हा कधी वाचलं नाही, पण त्याजागी दुसरंही काही लिहिलं नाही.

तो नकाशा चौकटीत घालून देवळाच्या ओसरीत लावला आहे. अजून आहे. मुंबईहून जुन्या इमारती पाहायला मुलंमुली येतात, चिकूचं आइस्क्रीम खातात, वाढवणच्या बंदराबद्दल कुणाशी तरी वाद घालतात आणि त्या नकाशाचा मोबाईलवर फोटो काढतात. मागे एक मुलगी मला म्हणाली, "आजी, काय अप्रतिम लाइनवर्क आहे!" मी तिला भिंतीबद्दल सांगायला तोंड उघडलं, आणि वारा समुद्राकडून येतो, एवढंच बोलले. इतक्या वर्षांनी, बाबा जाऊनही जमाना झाला असताना, मला कुणी अडवलेलं नसताना.

नकाशा ओसरीत टांगला त्या रविवारी जानीबाई झाडून झाल्यावर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला असला कागद कधी पाहायला मिळाला नव्हता. तिने मला बोलावलं आणि एकेक विचारू लागली. हा काय? खिडकी. हा? वेदी. हा? तुम्ही बसता ती पायरी. तिला गंमत वाटत होती; बोटाने ती चौफेर फिरली, सगळं देऊळ तिने ओळखलं. मग बोट पश्चिमेकडे येऊन थांबलं.

"मंग त्या दिसाला पट्टी धरून मी उभी होती, ती जागा कंची?"

बोटाने मी काळ्या रेघांच्या ठिकाणी दाखवलं.

जानीबाईने वाकून जवळून पाहिलं. "भितीत?" ती म्हणाली.

मी हो म्हणाले.